पट्ट्यावरची जाळी

निपाणी, आश्विन शु. द्वादशी, शके १८६८

ती. बाहुबली अण्णांस ब्राह्मीचा सा. न. वि. वि.

सगळे खुशाल, असं आज लिहवत नाही. आमच्या शेंगा फोडायच्या गिरणीत खंडेनवमीला हे स्वतः पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढतात. आतल्या चाकाला हळदकुंकू लागायला हवं ना. यंदा जाळी बसवायची राहिली आणि काल तशीच गिरणी सुरू झाली. तिथं कामाला असलेल्या मालुबाईचा पदर पट्ट्यात गेला. तिच्या शेजारी काम करणाऱ्या नागुबाईनं पुरुषांदेखत तिचं लुगडं फेडलं, तिला ओढून काढलं आणि स्वतःचा पदर तिच्यावर टाकला. जीव वाचला, उजवा हात मात्र मोडला. मी नागुबाईचे पाय धरायचीच बाकी होते.

मालुबाई विधवा आहे. हात गेला तर काम गेलं. हे म्हणतात, बाईनं पदर खोचायला हवा होता. कामगारांच्या नव्या कायद्याचा मसुदा निघालाय म्हणे. इथले गिरणीवाले त्याविरुद्ध अर्ज करताहेत, यांचीही सही मागतील. त्यात काय आहे ते वकिली भाषा सोडून लिहा.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू द्या.
ब्राह्मी

टिळकवाडी, बेळगाव, आश्विन व. द्वितीया

चि. सौ. ब्राह्मीस अ. उ. आ.

वकिलाकडे कारकुनी करून माझी भाषा बिघडली, हे कबूल. मसुदा साधा आहे. जाळी नसताना यंत्र चालवलं तर मालकाला आजच्यापेक्षा जबर दंड. कामगार जायबंदी झाला तर बरा होईतो पगार आणि पुढे झेपेल ते काम. बाई बेसावध होती, एवढ्यावर मालक सुटणार नाही. अजून मंजुरी नाही, सरकारनं लोकांची मतं मागवली आहेत. एखाद्या गिरणीवाल्याचाच होकार गेला तर वजन पडेल. पण दाजींना भीड घालू नकोस. त्यांना रोज त्याच बाजारात उभं राहायचंय.

नागुबाईला माझा नमस्कार सांग. मी तिथं असतो तर नुसता ओरडलो असतो.

दाजींस जय जिनेंद्र. मायेत अंतर नसावं.
बाहुबली

निपाणी, मार्गशीर्ष शु. पंचमी

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे न जेवताच उठले. दुसऱ्या दिवशी नागुबाईला बोलावून नवं लुगडं देऊ केलं. तिनं हात लावला नाही. म्हणाली, "लुगडं नगो, मालक. जाळी तुमीच काढलीसा. मालीला कामावर ठेवा."

एवढं बोलायची माझी छाती झाली नसती. मग यांनी अर्जवाल्यांना सही न देता परत पाठवलं आणि मसुद्याच्या बाजूनं सरकारला लिहिलं. दोघा व्यापाऱ्यांनी बोलणं टाकलंय. हे किती हट्टी ते तुम्ही लग्नातच पाहिलंत, पण या हट्टाचा मला फार अभिमान वाटतो.

मालुबाईचा हात सरळ होत नाही. कायदा व्हायचा तेव्हा होईल म्हणून यांनी तिचा पगार चालूच ठेवला, आणि आता तिला नवं काम दिलंय. तिनं जाळ्या तपासून हो म्हटल्याशिवाय गिरणी सुरू करायची नाही. आज पहिला दिवस. तिनं डाव्या हातानं जाळी हलवली आणि सगळ्यांदेखत यांना म्हणाली, "ढिली हाय. चालू करू नगा."

यांनी पाना मागवला, तिच्यासमोर भुईवर बसले आणि स्वतः जाळी आवळली.

हे तुम्हाला कळवल्यावाचून राहवेना. आशीर्वाद असू द्यावा.
तुमची ब्राह्मी