बरणीतील माश्या जिवंत नसल्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
कीटक नियंत्रण विभाग, दुसरा मजला.

विषय : माझ्या राहत्या घरी माश्यांची पैदास होत असल्याची नोटीस रद्द होऊन जप्त माश्या रविवारपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या निरीक्षकांनी माझ्या दारावर चिकटवलेली नोटीस.

महोदय,

मी खाली सही करणारा, सेवानिवृत्त कारकून, आपल्या सेवेशी नम्रपणे मांडतो की, नोकरीत असताना मी माश्या मारतो असा माझ्यावर ठपका होता. निवृत्तीनंतर मी त्या बनवू लागलो, तर आता नोटीस आली. माणसाने करावे तरी काय?

१. सदर माश्या गळाला लावायच्या आहेत. बारीक गळावर पीस व दोरा गुंडाळून मी माशीचा आकार देतो. दोरा सुटू नये म्हणून डोक्यावर रेझिनचा थेंब सोडतो व त्यावर अतिनील टॉर्च धरतो. थेंब बघता बघता काचेसारखा टणक होतो. पाण्यातला मासा फसतो आणि गळ गिळतो. या माश्या उडत नाहीत, अन्नावर बसत नाहीत व अंडी घालत नाहीत. मासेमारी माझी पत्नी करते. मला पाणी पाहिले की गरगरते.

२. पूर्वी मी साधे व्हार्निश लावत असे. ते वाळेपर्यंत पंखा बंद ठेवावा लागे व पत्नीचा पारा चढे. म्हणून मी रेझिनकडे वळलो. रेझिन दोन प्रकारचे घ्यावे लागते. पातळ असते ते दोऱ्यात मुरते, म्हणून डोक्याला. घट्ट असते ते जागचे हलत नाही, म्हणून पाठीच्या फुगवट्याला. इथवर माझे काही चुकले नाही. चुकले ते दिव्यात. जांभळा उजेड पडला म्हणजे झाले, अशा समजुतीने मी पत्नीचा नखे वाळवण्याचा दिवा वापरला. त्याचा उजेड या रेझिनला मानवला नाही. थेंब आतून घट्ट झाला, पण वरून चिकटच राहिला. त्यातच पहिली बाटली मी खिडकीत ठेवली होती. उन्हाने ती कुंचल्यासकट दगड झाली.

३. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे सिमेंट सुकवायचा दिवा असतो, हे माझ्या किडक्या दाढेमुळे मला ठाऊक होते. मी माशी घेऊन गेलो व त्यांच्या खुर्चीत बसलो. ते म्हणाले, "तोंड उघडा." मी म्हटले, "तोंडात काही नाही, हातात आहे." त्यांनी बिचाऱ्यांनी माशीवर दिवा धरला. पण त्यांचा उजेड निळा. त्याने दात पक्का होतो, माझी माशी झाली नाही. मी सहज म्हणालो, "डॉक्टर, तुमचा दिवा काही कामाचा नाही." बाहेर बाकावर रोगी बसले होते. डॉक्टर लालबुंद झाले. आपल्याकडे आलेली त्यांची तक्रार त्या दुपारची आहे.

४. आता मुद्द्याचे. चिकट राहिलेल्या माश्या मी टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. त्यांवर खऱ्या माश्या येऊन बसल्या व अडकल्या. आपले निरीक्षक आले तेव्हा त्यांतली कोणती माझी व कोणती देवाची हे मलाही सांगता येईना. निरीक्षकांनी सर्वांवर औषध फवारले. देवाच्या माश्या पाय झाडून शांत झाल्या. माझ्या ढिम्म हलल्या नाहीत. त्यावर निरीक्षकांनी अहवालात "औषधाला न जुमानणारी जात" असा शेरा मारला. मी समजावायला पुढे झालो, तोच त्यांची बाही टेबलाला चिकटली. ती सोडवताना बटण गेले. त्याचीही नोंद "कामात अडथळा" अशी झाली आहे.

५. निरीक्षकांनी माझ्या माश्या चिमट्याने बरणीत भरल्या. पुरावा गुदमरू नये म्हणून झाकणाला भोके पाडली. नोटिशीत मला असा हुकूम आहे की, पुढील आदेशापर्यंत घरी उरलेले नर व मादी वेगळे ठेवावेत. महोदय, मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. भिंग घेऊन बसलो. पण ज्या माशीचे पोट म्हणजे दोरा व पंख म्हणजे कोंबडीचे पीस, तिला मी काय विचारणार?

६. दरम्यान मी चूक सुधारली आहे. बाटलीवर जी तरंगलांबी लिहिली आहे तीच असलेला टॉर्च आणला. थेंब लहान सोडतो, गळ फिरवत सर्व बाजूंनी उजेड देतो, शेवटी स्पिरिटच्या फडक्याने पुसतो. कापूस फिरवून पाहतो. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा उजेड देतो. हातमोजे घालतो, खिडकी उघडी ठेवतो, टॉर्चकडे थेट पाहत नाही. नवी माशी घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो व झाल्या प्रकाराबद्दल हात जोडले. त्यांनी ती आपल्या आकड्याने खरवडून पाहिली, आरशात पाहिली आणि म्हणाले, "अहो, माझ्या कवळ्यांनाही अशी झिलई येत नाही!" त्यांनी तक्रार मागे घेतली असून आता ते रोज टॉर्च कुठला, रेझिन कुठले, असे विचारत वर येतात. हा त्रास निराळा. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

७. घाई अशासाठी की, रविवारी तळ्यावर गळ टाकण्याची स्पर्धा आहे. दरवर्षी माझी मेहुणी जिंकते व पत्नीला जवळ घेऊन म्हणते, "जाऊ दे गं ताई, तुझे मासेच आंधळे." यंदा मी पत्नीसाठी खास माशी बांधली होती. तिच्या कंगव्यातले पांढरे केस घेऊन पंख केले, कारण पाण्यात त्यांना चांदीसारखी चमक येते. हे मी तिला सांगितले तेव्हा ती लाजली. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या केसांबद्दल मी चांगले बोललो ते तेव्हाच. ती माशी आपल्या बरणीत आहे. दुसरी बांधतो म्हटले, तर ती म्हणाली, "आधी ती आणा. मग केस मागा." तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कपाटांच्या दारांमार्फत बोलते.

८. काल मी आपल्या कार्यालयात येऊन बरणी लांबून पाहिली. ती खिडकीत ठेवली आहे. शिपाईभाऊ आत साखरेचे पाणी घालत होते. मी म्हटले, "भाऊ, त्या खोट्या आहेत." ते म्हणाले, "सुनावणीपर्यंत जगवायच्या, असा साहेबांचा आदेश आहे. अजून एकही दगावली नाही." त्यांच्या तोंडावर इतके समाधान होते की मी नमस्कार करून जिना उतरलो. सुनावणी मात्र स्पर्धेनंतर आहे.

तरी विनंती की, नोटीस रद्द करून माश्या माझ्या स्वाधीन कराव्यात. जिवंत पुरावा सोडता येत नाही, असा नियम आड येत असल्यास आपण स्वतः बरणी उघडून एकीला टाचणी टोचून पाहावी व सर्व मृत असल्याचा दाखला द्यावा. मग जवळचा नातेवाईक या नात्याने अवशेष मी ताब्यात घेईन व रविवारी पहाटे कुटुंबासमवेत तळ्यात विसर्जित करीन. दोरी मात्र आमच्या हातात राहील.

आपल्या एका सहीकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, डॉक्टरांच्या वरचा मजला

दिनांक : स्पर्धेआधीचा गुरुवार

सोबत :
१. नोटिशीची प्रत (कोपरा दारालाच राहिला आहे).
२. डॉक्टरांचे ना हरकत पत्र.
३. निरीक्षकसाहेबांचे बटण.
४. नमुन्यादाखल एक माशी, पूर्ण सुकलेली. टोक अणकुचीदार आहे. कृपया फवारू नये.