पायलला इटलीत नापास करण्याची योजना

१५ जून, दुपार
काल नीटचा निकाल लागला. सलग तिसऱ्या वर्षी पेपर अवघड काढला.
आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला इंदापूरला गेलो. मेडिकलच्या काउंटरवर पायल. बारामतीच्या क्लासमध्ये माझ्या पुढच्या बाकावर असायची. गेल्या वर्षी तिचं सरकारी एमबीबीएस थोडक्यात हुकलं, तेव्हापासून काकांच्या दुकानात बसते. पाच गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "किती आले रे?" गोळ्या न घेता परत आलो. आईला सांगितलं, दुकान बंद होतं. हा अपमान मी विसरणार नाही.

२० जून
उपाय सापडला. इटली. सरकारी युनिव्हर्सिटी, सहा वर्षं, सगळं इंग्रजीतून. सप्टेंबरात एकच परीक्षा: साठ प्रश्न, शंभर मिनिटं. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तितं डॉक्टर कमी पडल्यात व्हय?" आबांना व्हिजन नाही.
संकल्प: रोज आठ तास. उद्यापासून. उद्या शनिवार आहे. सोमवारपासून.

२९ जून
नुसतं पास होऊन सूड पुरा होत नाही. ती त्याच परीक्षेत पडायला हवी. एकाच यादीत मी वर, ती खाली. म्हणून शेळगावला तिच्या घरी जाऊन इटलीचं सगळं समजावून सांगितलं. गोड बोललो. ती वहीत उतरवून घेत होती. फसली.
तिचे वडील रामभाऊ एसटीत कंडक्टर आहेत. ते एवढंच म्हणाले, "सरकारी कॉलेज हाय न्हवं? मग भरा की फॉर्म."

५ जुलै
फॉर्म भरले. पहिली पसंती एकाच युनिव्हर्सिटीला द्यायची. मी मिलान. तिला मेसिना घ्यायला लावलं. नकाशात इटलीचा बूट संपतो, त्याच्याही पुढं, समुद्रापलीकडं. बसू दे तिथं.
माझा फॉर्म सबमिट करायचा राहिला होता. तिनंच फोन करून आठवण करून दिली. मला घाईत चुकवायचा डाव आहे. सबमिट केला, पण मुद्दाम एक तास उशिरा.

२१ जुलै
लॉजिकचं जाड पुस्तक मागवलं होतं. पहिल्याच पानावरचा प्रश्न चुकीचा छापलाय. पुस्तक पायलला देऊन टाकलं. बघूनच घाबरेल.
आजचा अभ्यास दोन तास. पैकी दीड तास इटालियन गाणी. भाषेचा कान तयार होतो.

१४ ऑगस्ट
पायलचा फोन. प्रश्न क्रमांक त्र्याण्णवचं उत्तर चुकीचं छापलंय का, विचारत होती. मी म्हणालो, पहिल्यापासून सगळंच चुकीचं आहे. "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. ढासळायला लागली.

१७ सप्टेंबर, दिल्ली
परीक्षा झाली. रामभाऊ रजा टाकून सोबत आले होते. दोघांची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेटबाहेर उन्हात बसून राहिले. चटणी चांगली होती. वैर रामभाऊंशी नाही.
मी साठच्या साठ प्रश्न सोडवले. पायलनं दहा कोरे सोडले, चुकलं की पॉइंट चार कापतात म्हणून. भित्री. परतीच्या गाडीत तिची जरा कीवच आली. खिडकीची जागा दिली.

८ ऑक्टोबर
यादी लागली. मला उणे तीन पॉइंट एक. म्हणजे मी पेपरला हात न लावता नुसता बसलो असतो, तरी जास्त पडले असते. रीचेकिंगला टाकणार होतो. तशी सोय नाही म्हणे.
पायलला छप्पन्न. मेसिना मिळालं. मिलान टाकलं असतं तर एवढ्यावर भागलं नसतं, असं तीच फोनवर म्हणाली. वर माझे आभार मानले. फोन ठेवल्यावर गोठ्यात जाऊन उभा राहिलो. म्हशीनं एकदा वळून बघितलं.

२ नोव्हेंबर
शेळगावात पायलचा सत्कार. जाणार नव्हतो, पण रामभाऊ स्वतः न्यायला आले. ठरवलं, शेवटच्या रांगेत बसायचं आणि टाळी वाजवायची नाही.
पायल माईकवर म्हणाली, "मला इटली ठाऊकच न्हवती. दिग्विजयदादानं घरी येऊन सांगितलं. सख्ख्या भावानं केलं नसतं, एवढं त्यानं केलं." सगळे वळून बघायला लागले. मला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. ती पाया पडायला वाकली. मी दोन पावलं मागं सरलो. सांगावंसं वाटलं, की मी हे सगळं तुला पाडायला केलं. माईक हातात दिला तेव्हा म्हणालो, "तितं थंडी असती. स्वेटर ने."
घरी आलो. आईनं विचारलं, "काय झालं तितं?" म्हणालो, सत्कार झाला. खांद्यावरची शाल बघून कुणाचा ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.