घंटेनंतर राहिलेलं अर्धं मत

प्रिय बाई,

तुम्ही गेलात हे कळलं त्या दिवशी पत्र लिहायचं सुचलं नाही. रडले, आईनं जेव म्हटलं तर जेवले, दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. आज लिहितेय ते गुरुवारी जे ऐकलं त्यामुळे. अजून डोकं ठिकाणावर नाही माझं, तेव्हा वाक्यं पुढेमागे झाली तर सांभाळून घ्या.

गुरुवारी तुमची भाची सुलभा साताऱ्याहून तुमची खोली आवरायला आली. मी मदतीला गेले होते. भांडी बांधून झाली, पुस्तकं काढायला घेतली, आणि तिनं एक बारीकसं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "हे तू घे. आत्याचं आहे."

मी म्हटलं, "सगळीच बाईंची आहेत."

"तसं नाही गं, आत्यानं लिहिलेलं. तुला माहीत नाही?"

कव्हरवर होडी होती आणि होडीखाली तुमचं नाव. मी उघडलं, पहिली ओळ वाचली आणि पुन्हा कव्हरवरचं नाव बघितलं. बाई, ती ओळ मला पाठ होती. सहावीत असताना ज्या पुस्तकाच्या मी भर वर्गात चिंध्या केल्या, तेच पुस्तक!

तुमचं होतं ते? आणि तुम्ही तिथेच, फळ्याजवळ उभ्या होतात?

आम्हाला कळणार तरी कसं होतं? तुमची पद्धतच तशी. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर आणि नावाचं पान खळीनं चिकटवून टाकलेलं. का, असं वाण्याच्या हसमुखनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला होतात, नाव बघून मत देतात ती मोठी माणसं, तुम्ही पुस्तक बघून द्या. आम्ही पोरं उजेडात धरून ते पान वाचायचा प्रयत्न करायचो. तुम्ही खळ चांगली जाड करायचात, काही दिसायचं नाही.

शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास. वाचलेल्या पुस्तकावर एकेकानं उभं राहून बोलायचं. 'छान' म्हणायला बंदी. आधी काय आवडलं नाही ते, मग काय आवडलं ते, आणि दोन्हीला कारण. 'छान'ला बंदी म्हणून हसमुख उभा राहून तेच गुजरातीत म्हणाला होता, "बाई, सारुं छे." सगळा वर्ग हसला, तुम्हीही हसलात, पण सोडलं नाहीत. पुढच्या शनिवारी त्याला पुन्हा उभं केलंत. मत कच्चं निघालं तर घरी बसायचं नाही, पुढच्या शनिवारी पुन्हा उभं राहायचं, हा तुमचा नियम. तेव्हा कुठे तो म्हणाला की गोष्टीतला चोर गूळ चोरतो आणि खाताना त्याला आईची आठवण येते, ते आवडलं. त्याच्या बापाच्या दुकानात गुळाची ढेप होती, त्याला बरोबर तेच दिसलं.

आणि मग माझी पाळी आली. तुम्हाला आठवत असणारच. मला तर गुरुवारपासून दुसरं काही आठवत नाहीये.

मी कोळीवाड्यातली, आणि पुस्तक कोळ्याच्या पोरीचं. अंगात वारं शिरलं होतं माझ्या. उभी राहिले नि सुरू केलं. म्हटलं, "ज्यानं हे लिहिलंय त्यानं समुद्र बघितलेला नाही. यातला बाप श्रावण लागल्या लागल्या होडी घेऊन दर्यात जातो. नारळी पुनवेच्या आधी होडी कोण काढतं? आमच्याकडे होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकून ठेवतात. हा बाप पहिल्याच पानावर बुडायला हवा होता, म्हणजे पुढचं पुस्तक वाचावं लागलं नसतं."

वर्ग खो खो हसला. तुम्ही फळा पुसत होतात, मागे वळला नाहीत. एवढंच विचारलंत, "कारण?"

मी आजीचं वाक्य जसंच्या तसं ठेवून दिलं, "दर्याला नारल दिल्याबिगर होरी न्हाय सुटत."

"बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. आणि घंटा झाली. शनिवारची शेवटची घंटा, कोण थांबतंय? मीही दप्तर उचलून पळाले.

आता तुम्ही सांगा, कसली छाती म्हणायची ही? स्वतःचं पुस्तक, पहिलं, छापून आलेलं. मुलांचं मत हवं म्हणून स्वतःचंच नाव खळीनं चिकटवलंत आणि आमच्या हाती दिलंत. आणि मी असं बोलल्यावर म्हणालात, बरोबर आहे?

त्या वर्षी नारळी पुनवेला तुम्ही आमच्या घरी आलात. पूजा झाल्यावर आजीला म्हणालात, मला होडीतून न्याल का. मी केवढी मिरवले होते, आमच्या बाई आमच्या होडीत! खाडीचं तोंड ओलांडलं तशी तुम्हाला उलटी सुरू झाली. आजीनं लिंबू चोखायला दिलं. तुम्ही ओकत होतात आणि मधेच मान वर करून बाबांना विचारत होतात, हे काय, ते काय. बाबा घरी आल्यावर म्हणाले, "बाय घाटावरची हाय, पन जिगरीची हाय." आम्हाला वाटलं, हौस. ती हौस नव्हती, हे मला गुरुवारी कळलं.

कारण सुलभा पुढे बोलत होती. तिला काय माहीत ती कोणाशी बोलतेय. म्हणाली, "आत्यानं दुसरं लिहायला घेतलं होतं. अर्ध्यावर सोडून दिलं. माझे बाबा विचारायचे, का गं सोडलंस? तर म्हणायची, माझ्या एका मुलीनं मला शिकवलं की पाहिल्याशिवाय लिहू नये. अजून माझं पाहून झालं नाही."

मी विचारलं, "कोण मुलगी?"

"नाव नाही सांगितलं कधी. पण हसत सांगायची."

हसत? बाई, मला नाही हसू येत.

पुढे इतकी वर्षं आपण एकमेकींना रोज भेटत होतो. मला ट्रेनिंगला पाठवायला बाबांना तुम्हीच पटवलंत. याच शाळेत लागले तेव्हा कपाटाची किल्ली तुम्हीच हातात दिलीत. स्टाफरूममध्ये एका डब्यात जेवलो. एकदा तरी बोलायचंत! रागाने नाही तर निदान गमतीने. आणि तुमच्या नियमाचं काय झालं? हसमुखला पुढच्या शनिवारी पुन्हा उभं केलंत. स्वतः मात्र एका चुकीवर खाली बसलात ते बसलातच. हे मला पटलेलं नाही, आणि तुमच्यापुढे हे बोलायची हिंमतही तुम्हीच दिलीय.

काल शनिवार होता. तुमचाच तास, आता मी घेते. एक मुलगी पुस्तकाला नावं ठेवायला लागली. मी तिला थांबवलं, म्हटलं, आज फक्त आवडलेलं सांगा. ती गोंधळून म्हणाली, "बाई, पण आवडलेलं नाहीच. मग खोटं सांगू?" खाली बस म्हटलं. ती बसली, आणि मग उरलेली सगळी मुलं एकामागून एक 'छान' म्हणत गेली.

आज सकाळी तुमचं पुस्तक घेऊन बंदरावर बसले आणि पहिल्यापासून वाचलं. चूक आहेच, ती मी आजही काढेन. पण त्या दिवशी मला एक दिसलं नव्हतं. तुम्ही लिहिलेलं पाणी खाडीचं आहे. गढूळ, काठाला चिखल, ओहोटीला उघडी पडणारी तिवरं. खाडीत बारक्या होड्या भर पावसातही जातात, तुमच्या खिडकीतून त्याच दिसायच्या. घाटावरून नुकत्या आलेल्या तुम्ही, त्यांना पाहून तुम्हाला वाटलं, चालले दर्यात. पाहिलं नव्हतं असं कुठे होतं? पाण्याचं नाव तेवढं चुकलं होतं.

आणि बाई, माझं मत अर्धंच झालं होतं. काय आवडलं ते राहिलं. घंटा झाली, पुढचा शनिवार पुनवेच्या सुट्टीत गेला, मग नवीन पुस्तकं आली. तुम्ही विचारलं नाहीत, मीही बोलले नाही. अर्धं मत म्हणजे मत नव्हे, हे तुमचंच म्हणणं ना? मग मला का नाही उभं केलंत? भीती वाटली का, की दुसऱ्या अर्ध्यात सांगण्यासारखं काही नसेल?

होतं. बाप परत येत नाही तोवर ती पोर त्याच्या वाटणीची भाकरी ताटलीखाली झाकून बसते. तिची आजी म्हणते, खाऊन घे. ती म्हणते, मी खाल्ली तर बाबांना उशीर होईल. त्या पानाशी मी रडले होते. भाकरी ज्वारीची होती, आमच्याकडे तांदळाची असते, तेही मी सोडून दिलं. त्या वर्षी होड्या दर्यात गेल्या तेव्हापासून बाबांची भाकरी मी तशीच झाकून ठेवायला लागले. अजून ठेवते. आई विचारते, हे कुठून शिकलीस, तर मी सांगते, एका पुस्तकात होतं. ते पुस्तक शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्याबरोबर डबा खात होतं, हे मला माहीत नव्हतं.

येत्या शनिवारी तुमचं पुस्तक वर्गात देणार आहे. खाकी कागद घालून, नावाचं पान चिकटवून, तुमच्यासारखीच जाड खळ करून. कालच्या त्या मुलीला सगळ्यांत आधी उभं करीन. ती काय वाटेल ते बोलू दे, मी मधे पडणार नाही, हा शब्द देते. सगळ्यांचं झालं की शेवटी मी उभी राहीन आणि माझं राहिलेलं अर्धं पुरं करीन.

सखाराम शिपायाला सांगून ठेवलंय, माझं बोलणं संपेपर्यंत घंटा द्यायची नाही.

तुमची,
सहावीतली यमुना