न सोडलेला आवाज

प्रिय बाबा,

तुमच्यापुढे हात टेकले मी! काल तपासणीच्या खोलीत हेडफोन लावून, बटण हातात धरून ऐटीत बसलात आणि काचेतून मला डोळा मारलात. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. तुम्ही तीनदा अशा वेळी दाबलंत, जेव्हा मी आवाज सोडलाच नव्हता! आवाज सोडताना माझा खांदा हलतो, तो हललेला बघून दाबत होतात ना? ही युक्ती तुमच्या कारखान्यातल्या वेल्डरकाकांची, हे कुणी सांगायला नको. वर बाहेर येऊन आईला म्हणालात, “पोरीच्या परीक्षेत बाप पहिला आला!”

म्हणून दुसरी तपासणी केली. कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या, एकेका कानात टकटक सोडली, तुम्हाला नुसतं पडून राहायला सांगितलं. तुम्ही चक्क घोरायला लागलात. पण मेंदूच्या देठातल्या, आवाजाचं काम करणाऱ्या पेशी झोपत नाहीत आणि वशिलाही मानत नाहीत. उजव्या कानाच्या टकटकीला त्यांनी लगेच उत्तर दिलं. डाव्या कानाच्या, कितीही मोठी केली तरी, नाहीच.

आवाज एका कानाला दुसऱ्याच्या किंचित आधी पोचतो. त्या फरकावरून या पेशी ठरवतात, हाक कुठून आली. एक कान गेला की तुलना कशाशी करणार? म्हणून आई डावीकडून हाक मारते आणि तुम्ही उजवीकडे बघून खेकसता, “पुटपुटतेस काय?” घरात चालतं हो. पण तुम्ही क्रेन चालवता, बाबा. टांगलेल्या लोखंडाखाली माणसं असतात. गेल्या महिन्यात खालून माणसं ‘थांब’ म्हणून ओरडली आणि तुम्ही भलतीकडेच बघत राहिलात. वेल्डरकाका उडी मारून वाचले. हे मला सांगणारे तेच, आणि तुम्हाला युक्ती शिकवणारेही तेच! कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय?

“घरचीच पोर आहे, करेल सही,” असं तुम्ही अख्ख्या कारखान्यात सांगून ठेवलंत. केली मी सही. ‘क्रेन चालवण्यास अयोग्य’ या ओळीखाली. कागद सोमवारी तुमच्या साहेबांकडे पोचेल. त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तुम्ही “बरं बरं, जेवलीस का?” म्हणून ठेवून दिला असता. आपल्या घरातल्या पहिल्या पदवीधराच्या एकटीच्या सहीने गेलेला हा पहिला कागद. रागवा, महिनाभर बोलू नका. फक्त ‘शिकवलं कशाला’ असं म्हणू नका.

घरचीच आणि तुमचीच,
पोर