कपाटामागचा हिरवा ऑइलपेंट

आबा, मागची खोली रंगवून झाली. मंगळवार पेठेतल्या दुकानात मी तासभर शेडकार्ड चाळत बसलो होतो आणि दुकानदार बिनचमकीच्या मॅट रंगावरून हटायला तयार नव्हता. "पावणं, मॅट घ्या की. भिंतीचं समदं झाकून जातंय. ग्लॉस मारलासा तर बारका उंचवटाबी दिसतोय." तिथं तुमची आठवण आली. तो जे टाळायला सांगत होता, नेमकं तेच तुम्ही जन्मभर विकत आणलंत.

दिवाळीच्या आधी तुम्ही पॉलिश पेपरनं भिंत घासायचात आणि चार इंची ब्रशनं तोच भडक हिरवा ऑइलपेंट ओढायचात. आईला तो कधी आवडला नाही, डोळ्यांवर चकाकी येते म्हणायची. मला अजून दिसतंय, तुम्ही स्टुलावरून उतरता, ट्यूब लावता आणि रंगात पडलेली तिची उजेडाची रेघ एक डोळा मिटून बघता. "चमकू दे की. रेघ सरळ दिसतीया तवर भिंत सरळ हाय. वाकडी दिसली की हितं कुणी निजायचं न्हाय." आम्ही हसायचो. स्वतःच्या घराकडं एवढ्या संशयानं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता शेजारचं घर पाडलंय. तिथं अपार्टमेंट होणार म्हणून गाड्या लावायला खोल खड्डा खणतायत, आपल्या मागच्या खोलीच्या त्याच भिंतीला खेटून. यंत्र सुरू झालं की मांडणीतली भांडी वाजतात. मी जाऊन भांडलो, तर "काय हुत न्हाय, काका" म्हणून तिथल्या पोरसवदा इंजिनिअरनं मलाच चहा पाजला. त्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय. रंगकाम काढलं तेही तिच्यासाठीच. बायको म्हणाली, "पोरीनं बाळाला घिऊन ह्या चकचकीत हिरव्या भिंतीकडं बघत पडायचं व्हय?"

मी मॅट घेतला, सायीच्या रंगाचा. पुट्टी भरून रोलरनं दोन हात दिल्यावर खोली इतकी शांत झाली की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त कपाटामागं मी रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. कपाटाएवढं हिरवं तसंच आहे. सगळे चहाला बसले की मी कपाट सरकवतो, ट्यूब लावतो, एक डोळा मिटतो. गेल्या आठवड्यात रेघ सरळ होती. परवा मधोमध जराशी झुकली. आज तिचा बाक बघायला डोळा मिटावाच लागला नाही. बाकीच्या भिंतीवर मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. मला भीती वाटते, आबा. बोललो तर जावई आजच तिला घेऊन जातील, आणि किती वर्षांनी ह्या घरात तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येणार आहे.

हे तुम्हाला कुठं पाठवणार, घडी करून उशाखाली ठेवतो. त्या भिंतीपाशी हल्ली मीच निजतो. लेकीला सांगितलंय, रंगाचा वास अजून जाईना, तू आईजवळ पुढच्या खोलीत नीज. वास कधीच गेलाय.