पळालेल्या जादूगारांची बाजू

आत्याबाईले बोथ गावाहून मयूरीचा नमस्कार.

मी सद्या मोबाईलवर एक गेम खेळून राह्यली. त्यातला राजा जादू येनाऱ्यायले मनोऱ्यात कोंडून ठेवते. काही जादूगार बंड करून पळून जातात आन् आपन शिपाई होऊन त्यायले मारायचं असते. पळालेला दरेक जादूगार शेवटी राक्षसच निघते, म्हंजे कोंडनारा राजा खरा ठरते. मले हे पटलं नाई. मी गेमवाल्यायले लिहिलं, की एखादा तरी जादूगार तुमी साधा मानूस दाखवाले पायजे होता. त्यायचं उत्तर आलं, लोकायले जसं दिसलं तसंच आमी दाखवलं.

भानामती करते म्हनून गावानं तुमाले गावाबाहेर काढलं, तवा लोकायले मीच दिसली होती. नऊ वर्साची पोरगी, ओकून ओकून पडलेली. चावडीवर पंचायनं विचारलं, काय खाल्लं? मी म्हनलं, आत्याबाईनं लाडू देला.

लाडू खरंच देला होता. पन त्याच्या आधी मी कुंपनावरच्या चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या होत्या. ओकारी त्यायनंच आली. त्या बिया खाल्ल्या की आई झोडपत होती, म्हनून मी सांगितलं नाई. तुमी माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या.

तुमचा पत्ता बाबाकडे आहे. मी अजून मागितला नाई. गेमवाल्यायचा पाच मिनिटात शोधला होता.

तुमची भाची,
मयूरी