जर्मनीचा प्रोफेसर आणि मुरबाडचा गृहपाठ

२६ नोव्हेंबर २००७, सोमवार
ऑक्टोबरचा निकाल लागला. गणित गेलं. तिसऱ्यांदा. बाकीचे सगळे विषय मी पहिल्याच झटक्यात काढले होते, ते कोणी बोलत नाही. पेपर तपासणारे दिवाळीच्या घाईत असतात, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

बाबा जूनअखेर फॅक्टरीतून रिटायर होतायत. साहेबांनी त्यांना शब्द दिलाय, पोरगा तोवर दहावी पास झाला तर तुमच्या जागी त्याला घेऊ, नाहीतर जागा दुसऱ्याला. बाबांनी हे आज जेवताना पुन्हा सांगितलं. वर म्हणाले, "मार्च शेवटचा, साईनाथ. पुढं माझ्याकडं टाइम नाय." मी म्हणालो, टेन्शन घेऊ नका. त्यांनी घेतलं. अर्धी भाकरी टाकून उठले.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून दहा गणितं.

२७ नोव्हेंबर
उठलो होतो. थंडी होती. थंडीत आकडे डोक्यात शिरत नाहीत.

१ डिसेंबर, शनिवार
ज्ञानेश्वर सरांचा क्लास लावला. खास रिपीटरांसाठी. वाशिंदला बुधवारी, मुरबाडला शनिवारी. आमच्या बॅचमध्ये एकजात ढ मुलं भरलीत. मी शेवटच्या बाकावर बसतो, म्हणजे सगळ्यांवर लक्ष राहतं.

सरांचा नियम एकच. गृहपाठ नाही तर क्लासच्या बाहेर, आणि घरी फोन. आल्या आल्या टोमणा, की वाशिंदची पोरं तुमच्यापेक्षा एक धडा पुढं गेली. गेली तर जाऊ देत. त्यांना काय, त्यांच्याकडे स्टेशन आहे.

गृहपाठ: वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघांची वयं काढा. अशी अजून नऊ.

३ डिसेंबर
वय काढायला बसलो. आईने हाक मारली, भाताची झोडणी चाललीय, जरा हात लाव. तिला सांगितलं, अभ्यास चालू आहे. आई म्हणाली, "उताणा पडून कंचा अभ्यास करतंस रे?" अशा वातावरणात माणूस पास होणार कसा?

वह्या घेऊन सायबर कॅफेत गेलो. तिथे शांतता असते.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. अख्ख्या मुरबाड तालुक्यात कोणाला माहीत नाही, पण मी सात गावांचा मालक आहे. इंटरनेटवरच्या गेममध्ये. दहा महिन्यांत शून्यातून उभी केली. गहू पिकवतो, कोठारं बांधतो, सैन्य पोसतो. तिथे माझं नाव लॉर्ड सायनस. साईनाथवरूनच घेतलं, रोमन वाटतं. कॅफेवाला धाऊशेठ म्हणतो, सायनस हा नाकाचा रोग आहे. धाऊशेठचं शिक्षण कमी.

आमच्या टोळीत जगभरातले साठ लोक आहेत. साठ डोकी! आणि मी एकट्याच्या डोक्याने गणितं सोडवत बसलोय. आज हे लक्षात आलं आणि स्वतःचंच कौतुक वाटलं.

४ डिसेंबर
टोळीच्या फलकावर वडील-मुलाचं गणित टाकलं, खाली बाकीची नऊही. इंग्रजीत. धाऊशेठकडून दोन शब्द घेतले, बाकी माझं. हे धाकट्या भावाचं आहे, मी स्वतः मुंबईत इंजिनियर आहे, पण ऑफिसच्या गडबडीत वेळ नाही, असं खाली लिहिलं. मला भाऊ नाही. पण साध्या माणसाला कोण मदत करतो?

५ डिसेंबर
उत्तरं आली. एकाने विचारलंय, मुलगा सरळ बापालाच वय का विचारत नाही? पटण्यासारखं आहे. एकाने नुसतं छत्तीस आणि बारा लिहिलं, खाली काही नाही. सरांना पायऱ्या लागतात, 'समजा' लागतं. एकाने काहीच लिहिलं नाही, पण मी गणितात गुंतलोय हे ओळखून माझं तिसरं गाव लुटून नेलं.

६ डिसेंबर, दुपार
चमत्कार! टोळीत 'प्रोफेसर के' नावाचा एक जुना मेंबर आहे. फारसा बोलत नाही. त्याने दहाच्या दहा गणितं सोडवून पाठवली. पायऱ्यांसकट. पहिल्याच ओळीत 'लेट फादर इज एक्स'. मोबदल्यात गहू मागितला. दोन कोठारं भरून पाठवला. गुणी माणसाला द्यायला मी कधी मागेपुढे बघत नाही.

८ डिसेंबर, शनिवार
सरांनी वही बघितली. चष्मा काढून पुन्हा बघितली. म्हणाले, "शाब्बास! अगदी माझीच पद्धत." थोर माणसं सारखाच विचार करतात, असं मी बाकावरच्या रामूला सांगितलं. रामू बाहेर होता, गृहपाठ नव्हता म्हणून. खिडकीतून सांगितलं.

घरी आल्यावर बाबांनाही सांगितलं. रात्री बाबा आईला म्हणाले, एक फुल पँट शिवून ठेवायला पायजे त्याला, फॅक्टरीत चड्डीवर नाय घेत.

१४ डिसेंबर
प्रोफेसर कुठला, याचा छडा लावला. विचारलं तर म्हणाला, लांबचा आहे, तुला माहीत नसेल. पण माझं डोकं चालतं. त्याचे सगळे निरोप सकाळी किंवा दिवेलागणीला आलेले असतात. त्या दोन्ही वेळांना इथे लोडशेडिंग. लाईट नाही तर कॉम्प्युटर नाही. म्हणजे माणूस भारताबाहेरचा. गेम जर्मनीत बनलेला. म्हणजे माणूस जर्मनीचा. इंग्रजी त्याचं माझ्यासारखंच आहे, म्हणजे मातृभाषा वेगळी, हेही जुळलं.

एवढं तर्कशास्त्र सरांच्या गणितात नसतं, नाहीतर मी पहिला आलो असतो.

५ जानेवारी २००८
सलग पाच शनिवार गृहपाठ पूर्ण. सर आता माझी वही वर्गात फिरवतात. आज फळ्यावर बोलावलं होतं. म्हटलं, हात दुखतोय. खरंच दुखत होता, एवढं सगळं उतरवून काढायचं म्हणजे चेष्टा आहे का?

प्रोफेसरने गव्हाचा दर वाढवलाय. माझ्या सैन्याला खायला राहत नाही. काल साठ भालेवाले उपासमारीने गेले. शिक्षण महाग झालंय हेच खरं.

संकल्प: फेब्रुवारीपासून गणितं उतरवताना वाचायचीसुद्धा.

२२ जानेवारी, मंगळवार
म्हशाची जत्रा. सगळं गाव गेलं. बाबांनी रजा काढली, मला म्हणाले चल, बैल बघू, पाळण्यात बस, लहानपणी बसायचास. मी म्हणालो, मार्च जवळ आलाय. बाबांना ते आवडलं. माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी असं शेवटचं कधी केलं आठवत नाही.

मुरबाडला आलो तर कॅफेला कुलूप. धाऊशेठही जत्रेला. दुपारपर्यंत पायरीवर बसलो. वही आणली नव्हती, नाहीतर अभ्यास झाला असता.

आईने जत्रेतून माझ्यासाठी हातोली आणली, हा गोड पदार्थ मला लहानपणापासून आवडतो. बाबांनी कंपास पेटी आणली. म्हटलं, माझ्याकडे आहे. नव्हती.

१० फेब्रुवारी, रविवार
आज सराव परीक्षा. सरांनी दोन्ही बॅच शहापूरला एका शाळेत एकत्र बसवल्या. पेपर विचित्र होता. गृहपाठातली गणितं होती, पण आकडे बदलून. हा विश्वासघात आहे. नाव, तारीख आणि 'समजा' एवढं व्यवस्थित लिहिलं.

पेपरनंतर गेटवरच्या गाडीवर वडापाव खात होतो. शेजारी वाशिंदच्या बॅचची तीन पोरं. त्यातला एक, रविंद्र, मोठमोठ्याने सांगत होता. गेममध्ये त्याला एक बकरा मिळालाय. लॉर्ड सायनस नाव. मुंबईचा इंजिनियर, पैशेवाला, पण डोकं कमी. "आपले सर बुधवारी फळ्यावर जे लिवतात ना, तेच इंग्लिश करून त्याला पाठवतो. त्याच्या बारक्या भावाला नेमका आपलाच होमवर्क असतो, बोल! गव्हाच्या गाड्या भरभरून देतो. आपल्याला प्रोफेसर बोलतो." तिघंही हसले. वडापाववालाही हसला, त्याला काय समजलं देव जाणे.

मी पाणी प्यायलो. मग जीपला आलो.

१० फेब्रुवारी, पुन्हा
झोप येईना म्हणून विचार केला. उलगडा झाला. त्या पोराने प्रोफेसरचा पासवर्ड चोरलाय. वाशिंदला असले धंदे चालतात. स्टेशन असलं की गावात काहीही येतं. बिचाऱ्या जर्मन माणसाला पत्ताच नसेल.

आमच्याकडे लाईट नसते तेव्हा वाशिंदला असते, असं रामू बोलला. रामूला कोणी विचारलं नव्हतं.

११ फेब्रुवारी
प्रोफेसरला सावध केलं. तुमचं खातं वाशिंद नावाच्या गावातला एक मुलगा वापरतोय, पासवर्ड बदला, असं स्पष्ट लिहिलं.

१३ फेब्रुवारी
प्रोफेसरचं उत्तर आलं. मराठीत. इंग्रजी अक्षरात, पण मराठीत. 'तू सरांच्या मुरबाड बॅचचा हाय काय रे?'

भाषांतराचं एखादं सॉफ्टवेअर असावं. जर्मन लोक यात पुढे आहेत.

१६ फेब्रुवारी, शनिवार
गृहपाठ नव्हता. प्रोफेसर टोळी सोडून गेला. जाताना माझी दोन गावं घेऊन गेला. सरांनी मला बाहेर उभं केलं. रामू होताच. सरावाचे मार्कही सांगितले, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. सर दारात येऊन हळू आवाजात म्हणाले, एवढी सुरेख वही आणि पेपरात हे? कोणाकडून घेत होतास? मी म्हणालो, सर, तुमच्याकडूनच. त्यांना वाटलं उद्धट बोलतोय. आयुष्यात पहिल्यांदा सरांना खरं उत्तर दिलं, आणि घरी फोन गेला.

फोन समोरच्या दुकानात येतो. बाबा दुकानातून परत आले, ओट्यावर बसले. ओरडले नाहीत. विचारलं, "जमंल ना रे?" मी म्हणालो, जमेल. त्या वेळी मला खरंच तसं वाटलं.

२५ फेब्रुवारी
टोळीला पुन्हा मदत मागितली. उरलेल्या सगळ्यांना. अख्खं पुस्तक पंधरा दिवसांत कसं करावं? एकाने झोपायला सांगितलं. एकाने सांगितलं, पहिल्या धड्यापासून सुरुवात कर. पहिला धडा काढला. सोपा होता. म्हणजे वाचायला सोपा. तीन गणितं स्वतः केली, एक बरोबर आलं. फार बरं वाटलं. इतकं की बक्षीस म्हणून उरलेला दिवस गेम खेळलो.

१० मार्च
उद्या बीजगणित. आईने देवापुढे पेन ठेवलंय. मी शांत आहे. ज्यांना येत नाही ते घाबरतात.

११ मार्च, मंगळवार
पहिल्याच प्रश्नात कळलं.

पहिला अर्धा तास खूप लिहिलं. मग जे लिहिलं ते खोडलं. वडील-मुलाच्या वयाचं गणित होतं. तेच. आकडे वेगळे. 'समजा वडिलांचे वय क्ष' लिहिलं आणि पुढे काय करतात ते आठवेना. चार वेळा वहीत उतरवलं होतं मी ते. बाबांचं वय लिहून बघितलं, माझं लिहून बघितलं. जुळलं नाही.

बाबा गेटबाहेर होते. अर्धा दिवस रजा काढून आले होते. हातात थंडाची बाटली. विचारलं, कसा गेला? मी म्हणालो, फास्ट.

२६ जून, गुरुवार
निकाल. धाऊशेठने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली, स्वतः वाचलं नाही. चांगला माणूस आहे तो.

ऑक्टोबर आहेच. पण ऑक्टोबरमध्ये ती जागा नसेल.

घरी सांगितलं. आई पेजेची पातेली घासत होती, घासतच राहिली. बाबा म्हणाले, बरं.

३० जून, सोमवार
बाबांचा निरोप समारंभ. मी नवी फुल पँट घालून गेलो, घरात दुसरी धड नव्हती. शाल, नारळ, हार. बाबांना खुर्चीवर बसवलं होतं, त्यांना खुर्चीवर बसायची सवय नाही, टेकत नव्हते. साहेब छान बोलले. मग सगळ्यांसमोर विचारलं, कुंडलिक, पोराचं काय झालं? आपलं बोलणं झालं होतं.

मी खाली बघत होतो.

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "त्याला इकडं नाय यायचं, साहेब. तो कंप्युटरच्या लायनीला हाय. तिकडं फॉरेनचे प्रोफेसर त्याच्याशी बोलतात."

डिसेंबरात कधीतरी मीच सांगितलं होतं त्यांना. साहेब खूश झाले. मग त्याला आमची जागा लहानच पडली असती, म्हणाले. टाळ्या वाजल्या. दोघा-तिघांनी येऊन माझा हात हातात घेतला. एकाने विचारलं, त्याच्या मुलाचं गणित जरा कच्चं आहे, बघशील का?

बघतो म्हणालो.

परत येताना जीपमध्ये बाबा माझ्या शेजारी होते. मांडीवर नारळ, नारळावर शाल. मला विचारायचं होतं, त्यांचा त्यावर खरंच विश्वास आहे, की मला वाचवण्यासाठी बोलले. विचारलं नाही. ते बाहेर बघत होते आणि जीप थांबेपर्यंत बाहेरच बघत राहिले.